घरासाठीं धुण्याचें यंत्र निवडतांना

बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, त्यास चालवून पाहतों, खांदा चाचपतों. जमीन घेतांना सात-बाराचा उतारा व फेरफार पाहिल्यावांचून शहाणा मनुष्य विसार देत नाहीं. परंतु हाच मनुष्य धुण्याचें यंत्र घेण्यास तालुक्याच्या गांवीं गेला म्हणजे विक्रेता जें दाखवील त्यांतील चकचकीत तें पसंत करून घरीं येतो, असें जागोजाग दिसतें. सणाची सवलत व हप्त्यांची सोय पाहून आणलेलें हें यंत्र कित्येक घरीं वर्षाच्या आंत पडवींत उभें राहतें, त्यावर बियाण्यांच्या पिशव्या ठेवल्या जातात, आणि घरांतील बाई पूर्ववत् दगडावर धुणें आपटीत बसते. पैसा गेला तो गेलाच, पण ज्या कष्टांच्या परिहारासाठीं तो खर्चिला ते कष्टहि तसेच राहिले. असें कां होतें व तें कसें टाळावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आमच्या मतें याचें कारण एकच आहे. यंत्राची निवड दुकानांत केली जाते. ती खरें पाहतां घरांत व्हावयास पाहिजे. आपल्या घरचें पाणी कसें आहे, वीज कशी येते आणि धुणें किती व कोणत्या प्रकारचें आहे, या तीन गोष्टींची मोजणी आधीं झाली म्हणजे कोणतें यंत्र घ्यावयाचें हें बहुतेक आपोआप ठरतें. दुकानांत मग भावाची घासाघीस तेवढी उरते. शहरांतील बिऱ्हाडास जें यंत्र योग्य तें मळ्यांतील वस्तीवरच्या घरास योग्य असेलच असें नाहीं.

यंत्रांचे प्रकार.— बाजारांत मुख्यतः तीन प्रकारचीं यंत्रें मिळतात. पहिलें, दोन डब्यांचें सेमी-ऑटोमॅटिक. याच्या एका डब्यांत कपडे धुतले जातात व दुसऱ्यांत गरगर फिरून पिळले जातात. पाणी नळीनें किंवा बादलीनें आपण भरावयाचें आणि कपडे एका डब्यांतून दुसऱ्यांत आपणच टाकावयाचे. दुसरें, वरून झांकण उघडणारें फुल्ली ऑटोमॅटिक, ज्यास टॉप लोड म्हणतात. तिसरें, समोरून दार असलेलें, म्हणजे फ्रंट लोड. या शेवटच्या दोहोंत कपडे व पावडर घालून कळ दाबली कीं पाणी घेणें, धुणें, खळबळणें व पिळणें हीं सर्व कामें यंत्र स्वतः करतें. टॉप लोडमध्यें कपडे पाण्यांत बुडून घुसळले जातात. फ्रंट लोडचा ड्रम आडवा असल्यामुळें कपडे थोड्या पाण्यांत वर उचलले जाऊन पुन्हां खालीं आपटतात. त्यामुळें पाणी कमी लागतें व कापडाची झीजहि कमी होते, परंतु एका फेऱ्यास वेळ अधिक लागतो. किंमतीनें पाहतां सेमी-ऑटोमॅटिक सर्वांत स्वस्त व फ्रंट लोड सामान्यतः सर्वांत महाग. पण महाग तें चांगलें व स्वस्त तें हलकें, हा हिशेब येथें चालत नाहीं. ज्याच्या घरीं जें चालेल तें चांगलें.

पाण्याचा दाब.— स्वयंचलित यंत्रांत पाणी एका लहानशा विजेच्या झडपेंतून शिरतें आणि त्यासाठीं पाण्यास कांहीं दाब असावा लागतो. हा किमान दाब यंत्राच्या पुस्तिकेंत छापलेला असतो. पुष्कळ यंत्रांत तो ०.३ ते ०.५ बार असतो. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे सुमारें १ बार दाब. या हिशेबानें यंत्राच्या नळापासून टांकींतील पाण्याच्या पातळीपर्यंतचें उभें अंतर ३ ते ५ मीटर पाहिजे. एकमजली घराच्या स्लॅबवरच बुटकी टांकी बसविलेली असली तर हें अंतर जेमतेम दोन-अडीच मीटर भरतें. त्यांत नळी अरुंद व वळणांची असली कीं उरलेला जोरहि वाटेंतच जिरतो.

आमच्या माहितींतील एका बागाईतदाराच्या घरीं असेंच झालें. नवें फ्रंट लोड यंत्र पाण्याची वाट पाहत थांबे व चुकीची खूण दाखवून बंद पडे. दोनदां कारागीर येऊन गेला व यंत्रांत दोष नाहीं असें सांगून गेला. गृहस्थ तें विकावयास निघाले होते. शेवटीं त्यांच्या सुनेनें गवंड्यास बोलावून टांकी जिन्याच्या खोलीवर चढविली, आणि दुसऱ्या दिवसापासून तेंच यंत्र मुकाट्यानें चालूं लागलें. टेपानें दोन मिनिटांत होणारी मोजणी आधीं झाली असती तर सहा महिन्यांचा मनस्ताप वांचला असता.

म्हणून यंत्र जेथें ठेवावयाचें तेथील नळाखालीं १० लिटरची बादली लावून घड्याळ पहावें. बादली मिनिटभरांत भरली तर उत्तम. तीन मिनिटें लागलीं तर आधीं टांकी उंच करावी किंवा नळी बदलावी, नाहींतर सेमी-ऑटोमॅटिक घ्यावें. दाब वाढविणारा लहान पंपहि मिळतो, परंतु त्यासहि वीज लागते हें ध्यानांत ठेवावें.

पाण्याचें मान.— फ्रंट लोड यंत्रास ७ किलोच्या एका फेऱ्यास साधारणतः ५० ते ७० लिटर पाणी लागतें. टॉप लोडला सुमारें त्याच्या दुप्पट. आठवड्यास पांच फेरे धरले तर वर्षाचे २६० फेरे होतात. फेऱ्यामागें ६० लिटरांचा फरक धरला तरी वर्षास १५,६०० लिटर पाणी झालें, म्हणजे १०,००० लिटरांचे दीड टँकर. ज्या गांवीं चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पहावी लागते तेथें हा फरक लहान नव्हे.

सेमी-ऑटोमॅटिकचें पाणी वापरणाराच्या हातांत असतें. एकाच साबणाच्या पाण्यांत आधीं पांढरे, मग रंगीत व शेवटीं शेतावरचे कपडे धुतां येतात. स्वयंचलित यंत्र हें पाणी प्रत्येक वेळीं सोडून देतें. परंतु नळ उघडा ठेवून कपडे खळबळण्याची संवय असेल तर हेंच यंत्र सर्वांत अधिक पाणी खातें. यंत्र काटकसरी नसतें. काटकसर वापरणाराची असते.

पाण्याचा जडपणा.— आपल्याकडील विंधन-विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. डाळ शिजण्यास वेळ लागणें, बंबाच्या आंत पांढरा थर धरणें व साबणास फेस न येणें या त्याच्या ओळखी आहेत. पाणी प्रयोगशाळेंत तपासून घेतल्यास नक्की आंकडा मिळतो. भारतीय मानक १०५०० याच्या २०१२ च्या आवृत्तींत पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह व दुसरा झरा नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगा धरला आहे. धुण्यासाठींहि हे आंकडे मनाशीं ठेवण्यास हरकत नाहीं. जड पाण्यांत पावडर अधिक लागते, कपडे कडक व मळकट दिसूं लागतात. आणि असें पाणी तापविलें म्हणजे त्यांतील क्षारांचा चुन्यासारखा थर हीटरवर बसतो. मग वीज अधिक जळते व अखेरीस हीटर निकामी होतो. पाणी फार जड असेल तर गरम पाण्याची सोय असलेल्या यंत्रासाठीं अधिक पैसे मोजण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. घेतलेंच तर पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें ठराविक काळानें थर काढण्याचें औषध घालून यंत्र रिकामें चालवावें. घरीं विहिरीचें किंवा पाटाचें हलकें पाणी मिळत असेल तर धुण्याच्या टांकींत तेंच घ्यावें. पाणी गढूळ असेल तर यंत्राच्या अलीकडे गाळणी बसवावी. नाहींतर बारीक रेती झडपेंत अडकते.

विजेची पाहणी.— धुण्याचें यंत्र वीज फार खातें हा समज बराचसा चुकीचा आहे. सेमी-ऑटोमॅटिकची धुण्याची मोटार साधारण ३०० ते ४०० वॉटची असते. ती अर्धा तास चालली तर पाव युनिटहि जळत नाहीं. खरा खर्च पाणी तापविण्यांत आहे. २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें ०.३५ युनिट व ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें ०.८ युनिट लागतें. ज्या घरीं सौर बंब आहे किंवा ऊन भरपूर आहे, तेथें नित्याचें धुणें थंड पाण्यांतच करावें.

दाबाची गोष्ट पाण्याप्रमाणें विजेसहि लागू आहे. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची म्हणून येते व बहुतेक यंत्रें त्यांत शेंकडा दहा कमीजास्त सोसतात, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्ट. परंतु रोहित्रापासून दूर असलेल्या वस्तीवर सर्वांचे पंप चालू झाले कीं व्होल्टेज याच्याहि खालीं जातें. ज्या वेळीं धुणें करावयाचें त्याच वेळीं वायरमनकडून आठ दिवस व्होल्टेज मोजून घ्यावें. तें वरचेवर खालीं-वर होत असेल तर स्टॅबिलायझरची किंमत यंत्राच्या किंमतींत मिळवूनच तुलना करावी. वीज मध्येंच जाण्याचा त्रास असेल तर ती परत आल्यावर यंत्र राहिलेल्या ठिकाणापासून पुढें चालतें काय, हें विचारावें. फ्रंट लोडचें दार धुणें चालू असतांना बंद राहतें. वीज गेली तर ओले कपडे आंतच अडकून बसतात. सेमी-ऑटोमॅटिकमध्यें झांकण उघडून राहिलेलें काम हातानें पुरें करतां येतें.

येथें एका शब्दाविषयीं सावध करणें जरूर आहे. दुकानांत “इन्व्हर्टर मशीन” असें सांगतात. त्याचा अर्थ वीज गेल्यावर चालणारें यंत्र असा नव्हे. मोटारीची गति लागेल तशी कमीअधिक करणारी ती एक योजना आहे. तिनें आवाज कमी होतो व वीज वांचते, इतकेंच. बॅटरीच्या इन्व्हर्टरशीं तिचा संबंध नाहीं.

अर्थिंगविषयीं मात्र तडजोड नसावी. ओले हात, ओली जमीन व विजेचें यंत्र हीं तीन एकत्र आलीं असतां अर्थिंग नसणें म्हणजे घरांत मृत्यूस जागा करून देणें होय. तीन खिळ्यांचा प्लग आहे म्हणजे अर्थिंग आहे असें मानूं नये. तें तपासून घ्यावें. ३० मिलिअँपियरच्या गळतीवर वीज तोडणारें आर.सी.सी.बी. घरांत बसवून घ्यावें. हीटर असलेलें यंत्र तापवितांना दोन हजार वॉटांच्या आसपास ओढतें, म्हणून त्यास १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट द्यावा, टी. व्ही.च्या जोडणींतून लोंबती वायर काढून देऊं नये.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा. त्याखालीं २००२ मध्यें ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला, आणि २०१९ पासून धुण्याच्या यंत्रांसहि ताऱ्यांची पट्टी सुरू झाली. ताऱ्यांची संख्या पहावीच, परंतु सारख्याच प्रकारच्या दोन यंत्रांचे तारे ताडून पहावे, आणि पट्टीवर छापलेले आंकडे वाचावे.

धुण्याचा हिशेब.— यंत्रावर ६, ७ किंवा ८ किलो असें लिहिलेलें असतें, तें कोरड्या कपड्यांचें वजन होय. आपल्या घरीं काटा असतोच. आठ दिवस रोजचें धुणें भिजविण्यापूर्वीं तोलावें व सर्वांत मोठा आंकडा धरावा. तो ५-६ किलो आला तर ७ ते ८ किलोचें यंत्र पुरेसें आहे. डबा गच्च भरला कीं कपडे आंत फिरत नाहींत व मळ निघत नाहीं, म्हणून थोडी जागा राखावी. गोधड्या व वाकळा धुवावयाच्या म्हणून फार मोठें यंत्र घेण्याचा मोह मात्र आवरावा. जाड गोधडी पाणी शोषून एका बाजूस गोळा होते, पिळतांना यंत्र हादरतें व आंतील आधारांवर ताण पडतो. वर्षांतून दोनदां येणाऱ्या या कामासाठीं वर्षभर मोठा डबा अर्धवट भरून चालविणें परवडणारें नाहीं.

चिखलाचे कपडे वाळवून व झटकून, किंवा आधीं बाहेर एकदां खळबळून मगच यंत्रांत टाकावे. आपल्या काळ्या मातीचा गाळ नळींत बसला कीं पाणी बाहेर पडत नाहीं. खिशांतील खिळे, सुतळी व बियाणें काढून घ्यावें.

फवारणीच्या कपड्यांची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकांच्या फवारणींत विषबाधा होऊन वीसाच्या वर शेतकरी व शेतमजूर दगावले, हें वाचक विसरले नसतील. औषध अंगावर जितकें उडतें तितकेंच कपड्यांतहि मुरतें. ते कपडे मुलांच्या झबल्यांबरोबर एका डब्यांत कदापि टाकूं नयेत. हातमोजे घालून ते त्याच दिवशीं वेगळे धुवावे, भरपूर पाण्यांत दोनदां खळबळावे व उन्हांत वाळवावे. यंत्रांत धुतलेच तर नंतर यंत्र पावडर घालून एकवार रिकामें चालवावें. औषध सांडून चिंब झालेला कपडा धुण्याच्या भरीस न पडतां निकालांत काढावा.

पावडर व सांडपाणी.— हातानें धुण्याच्या पावडरीस फेस पुष्कळ येतो. फ्रंट लोडमध्यें हा फेसच घात करतो. कपडे आपटण्याऐवजीं फेसावर तरंगतात आणि फेस बाहेर येतो. म्हणून त्या यंत्रास त्याचीच कमी फेसाची पावडर लागते व ती महाग असते. हा वर्षाचा खर्च किंमतीच्या हिशेबांत धरावा.

यंत्राचें पाणी परसांत सोडण्याची पद्धत आहे. पावडरींत सोडियमचे क्षार असतात, आणि चिकणमातीच्या जमिनींत सोडियम सांठला कीं मातीचे कण विलग होतात, जमीन चोपण होते व पाणी मुरत नाहीं. चोपण जमीन सुधारण्यास जिप्सम घालून किती वर्षें घालवावीं लागतात हें कालव्याखालील शेतकऱ्यांस सांगावयास नको. पहिलें साबणाचें पाणी शोषखड्ड्यांत सोडावें. नंतरचें खळबळण्याचें पाणी नारळ, केळ यांस द्यावें व जागा बदलीत रहावें. रोपवाटिकेस व भाजीपाल्यास तें देऊं नये. विहिरीजवळ शोषखड्डा करूं नये.

दुकानांत.— इतका हिशेब कागदावर लिहून मगच दुकानांत जावें. यंत्राचा कारागीर आपल्या गांवापर्यंत येतो काय व त्याचें भाडें कोण देतो, हें पहिलें विचारावें. आमच्या मतें हा प्रश्न किंमतीच्याहि आधींचा आहे. “मोटारीची दहा वर्षांची हमी” असें मोठ्या अक्षरांत असतें, परंतु ती पुष्कळदां मोटारीपुरतीच असते. विजेची पाटी, मजुरी व येण्याचा खर्च तींत येत नाहीं. बारीक अक्षरें वाचावीं. खालून उंदीर शिरूं नये म्हणून तळाची जाळी मिळते काय तेंहि पहावें. खेड्यांतील घरीं वायर कुरतडली जाणें हें यंत्र बंद पडण्याचें नेहमींचें कारण आहे.

हप्त्यांविषयीं एक सूचना. बिनव्याजी म्हणून सांगितलेल्या हप्त्यांत कागदपत्रांची फी असते, किंवा रोखीची सूट बुडते. रोखीचा भाव व हप्त्यांची बेरीज या दोन्ही रकमा लिहून घेऊन वजाबाकी करावी. शिवाय हप्ता दरमहा येतो, पीक दरमहा येत नाहीं. माल विकून हातीं पैसा आल्यावर रोखीनें घेतलेलें साधें यंत्र, ऐन पेरणींत हप्ता थकविणाऱ्या भारी यंत्रापेक्षां केव्हांहि बरें.

पावती घ्यावी व हमीच्या पत्रावर तारीख व शिक्का घालून घ्यावा. महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्याचा अनुभव असा कीं, कागद ज्याच्या हातीं त्याचेंच म्हणणें ऐकलें जातें. यंत्र सदोष निघाल्यास २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून अंमलांत आला, खरेदीदारास आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क देतो. मोबदला ५ लक्ष रुपयांपर्यंत असल्यास फी नाहीं. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची. सल्ल्यासाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा दूरध्वनि आहे.

निवड कोणाची.— वरील सर्व मोजणी पुरुषमंडळी करतील, परंतु शेवटची पसंती धुणें करणाऱ्या व्यक्तीचीच असावी. बहुतेक घरीं ती आई, बायको किंवा सून असते. तिला दुकानांत बरोबर न्यावें व यंत्रास हात लावून पाहूं द्यावें. जिची कंबर दुखते तिला सेमी-ऑटोमॅटिकमधील ओले कपडे उचलून दुसऱ्या डब्यांत टाकणें जड जाईल. जिचे गुडघे दुखतात तिला फ्रंट लोडसमोर वांकणें कठीण पडेल. तेथें यंत्राखालीं ओटा बांधावा किंवा टॉप लोड घ्यावें. कळांवरील अक्षरें तिला वाचतां येतात काय, हेंहि पहावें. जिला यंत्र समजलें नाहीं, तिच्यासाठीं तें आणलेंच नाहीं असें समजावें.

सारांश, टांकी बुटकी, वीज बेभरंवशाची व पाणी फार जड असेल तर दोन डब्यांचें साधें यंत्र घ्यावें व त्यांत कमीपणा मानूं नये. पाण्यास दाब आहे, पाण्याची ददात नाहीं, वीज बरी आहे व घरांत काम करणारे हात थोडे आहेत, तर टॉप लोड सोईचें. दाब व वीज दोन्ही खात्रीचीं असून पाणी मात्र मोजून वापरावें लागत असेल, तर फ्रंट लोडची जास्त किंमत पाण्यांत वसूल होते. टेप, बादली, काटा व घड्याळ हीं चार साधनें प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं आहेत. दिवाळीपूर्वींच्या एका आठवड्यांत ही मोजणी सहज होईल, आणि जिच्या हातांची सालें सोड्यानें निघालीं आहेत तिच्या डोक्यावरील रोजचा दोन तासांचा भार खरोखर उतरेल.